‘पानावरचं फूल’: एपिफायलम या नावाची पार्श्वभूमी

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं आणि कुंडीत रात्री उमलणारं वेगळं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पहिलं सूर्यफुलाच्या कुळातलं, दुसरं ‘एपिफायलम’ गटातलं निवडुंग. मराठीतला हा घोळ तसा साधाच. शास्त्रीय नावाचा घोळ जास्त जुना आणि जास्त चिवट.

१७५३ साली या गटातली पहिली जात ‘कॅक्टस’ या सरसकट नावाखाली नोंदली गेली. १८१२ मध्ये तिच्यासाठी ‘एपिफायलम’ ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, काढली. अर्थ, पानावरचं. मुळात तिथेच चूक झाली, कारण ज्याला पान समजलं ते चपटं झालेलं खोड. इतर निवडुंगांना जिथे काटे येतात तशाच, पण कडेच्या खाचेतल्या जागेतून कळी फुटते.

पुढे १८१९ मध्ये ब्राझीलचा, दिवसा फुललेला दिसणारा नाताळ निवडुंग याच प्रजातीत आणून बसवला. पाहुणा एवढा लाडका झाला की १८३०च्या दशकात ‘एपिफायलम’ हे नाव त्याच्याकडे गेलं आणि मूळ मालकांवर ‘फायलोकॅक्टस’ हे नवं नाव चिकटलं. त्याचाही अर्थ पानांचा निवडुंगच, म्हणजे चूक तशीच राहिली! ही अदलाबदल निव्वळ अन्यायाची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधीच्या नावाचा हक्क मानून ती उलटवली गेली, पण मधल्या काळातल्या लेखनात ‘एपिफायलम’ दिसलं तर आधी साल पाहावं लागतं.

एपिफायलमच्या फुलाचा पांढरा रंग, लांब नळी, रात्रीचा दाट सुगंध ही सगळी तयारी लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत ही झाडं फांद्यांच्या बेचक्यांत वाढतात, मात्र यजमान झाडाचा रस शोषत नाहीत. खोडावरची रंध्रंही रात्रीच उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत डीएनएच्या तुलनेमुळे नावांची पुन्हा उलथापालथ झाली. करवतीसारख्या कडांचा एपिफायलम ‘डिसोकॅक्टस’ या वेगळ्या प्रजातीत गेला. ड्रॅगनफ्रूटचा वेल ‘हायलोसेरियस’मधून ‘सेलेनिसेरियस’मध्ये आला. दिवसा फुलणाऱ्या ज्या रंगीत संकरांना बागप्रेमी ‘एपी’ म्हणतात, त्यांच्यातही बराचसा वारसा डिसोकॅक्टसचाच आहे. आपलं कुंडीतलं ब्रह्मकमळ, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मात्र १८२९ साली या प्रजातीत आलं आणि मधला फायलोकॅक्टसचा वनवास सोसून आज पुन्हा तिथेच आहे.