गावाकडच्या काउंटीत घर बांधताय? ३५ फूट कुठून मोजतात ते आधी बघा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शहराबाहेर पाच-दहा एकरांचा तुकडा घेऊन घर बांधायचा बेत असलेल्यांसाठी ही माहिती. ग्रामीण झोनमध्ये राहत्या घराला ३५ फूट, म्हणजे साधारण १०.७ मीटर, ही उंचीची मर्यादा बऱ्याच काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) आढळते. दोन मजल्यांना ती भरपूर वाटते. खरी गोम मोजमापात आहे.

समजा, प्लॉट उताराचा आहे. पुढच्या अंगणातून छपराच्या मध्यापर्यंत ३१ फूट भरतात. मागे जमीन नऊ फूट खाली, त्यामुळे बेसमेंटचं दार थेट परसात उघडतं आणि मागून तेच घर ४० फुटांचं होतं. नियमात जमिनीची सरासरी पातळी धरायची असेल, तर उंची आली साडेपस्तीस. सहा इंचांपायी नकाशा परत! रस्त्याकडूनच मोजत असतील तर तोच नकाशा बिनघोर पास. उतरत्या छपराची उंची मध्यावर धरायची की थेट आढ्याला, हेही काउंटीगणिक बदलतं. म्हणून आर्किटेक्टला आगाऊ पैसे देण्याआधी झोनिंग ऑर्डिनन्स, म्हणजे कुठे काय बांधता येतं याची काउंटीची नियमावली, त्यातल्या 'बिल्डिंग हाइट' (घराची उंची) आणि 'ग्रेड' (जमिनीची पातळी) या दोन व्याख्या वाचाच. भराव टाकून जमीन वर आणू म्हणाल, तर काही ठिकाणी मूळ पातळीच धरतात.

झोनिंगच्या मंजुरीसाठी अर्ज मालकाने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या बिल्डरने करायचा. सोबत डीड (मालकीचा दस्त), पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा नंबर), सर्व्हेअरचा प्लॅट (मोजणीचा नकाशा), हद्दीपासूनची अंतरं दाखवणारा साइट प्लॅन आणि घराच्या चारही बाजूंची चित्रं. जमिनीची रेघ चारही चित्रांत ठळक हवी. विहीर आणि सेप्टिक टँक असेल तर आरोग्य खात्याची परवानगी वेगळी. त्या धावपळीला आधीच लागा. झोनिंगची मंजुरी मिळाली की मग बिल्डिंग परमिट. सोसायटीच्या, म्हणजे एचओएच्या, अटी याहून कडक असू शकतात आणि काउंटी त्या तपासत बसत नाही.

शेतीची कोठारं, सायलो, धुराडी, चर्चचे मनोरे यांना अनेक ठिकाणी सूट असते. देवळाच्या शिखराला ती लागू होते का, हे तिथल्या शब्दरचनेवर ठरतं. हौशी रेडिओवाल्यांची मात्र चैन आहे: १९९० च्या जनगणनेत दर चौरस मैलाला १२० किंवा त्याहून कमी वस्ती असलेल्या ठिकाणी त्यांच्या अँटेनावर २०० फुटांपेक्षा कमी उंचीची मर्यादा घालता येत नाही.

अर्ज फेटाळला तर लेखी निर्णयापासून ३० दिवसांत बोर्ड ऑफ झोनिंग अपील्सकडे, म्हणजे झोनिंगची अपिलं ऐकणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, जाता येतं. नियमातून सूट, म्हणजे व्हेरियन्स, हवी असेल तर अडचण जमिनीचीच असायला हवी, तुम्ही ओढवून घेतलेली नव्हे. 'वरच्या खोलीतून डोंगर दिसावा' हे कारण तिथे चालत नाही. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, सुनावणी जाहीर होते. तेव्हा त्यांच्याकडे आधीच एकदा चहाला जाऊन नकाशा दाखवून या. बोर्डानेही नाही म्हटलं, तर सर्किट कोर्टात जायला पुन्हा ३० दिवस मिळतात.