रिकव्हरीतून रॉम टाकायचं वेड: चौकोनांपासून यूपीआयपर्यंत

२०११-१२ च्या सुमारास ज्यांनी पहिला स्वस्तातला अँड्रॉइड घेतला त्यांना ते चौकोन नक्की आठवत असतील. मराठी पेपरची साइट उघडली की बातमीच्या जागी ओळीने रिकामे चौकोन, बस. आमच्या आजोबांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्या खिडक्याच खिडक्या कसल्या, बातमी कुठंय?" कारण साधं होतं, मूळ अँड्रॉइडमध्ये जिंजरब्रेड म्हणजे २.३ पर्यंत देवनागरीचा फॉन्टच नव्हता, काही कंपन्या स्वतःहून घालून द्यायच्या आणि बाकीच्यांना पडलेली नव्हती. त्यावर एक जुगाड होता, ऑपेरा मिनीच्या छुप्या सेटिंगमध्ये जाऊन बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा, मग तिकडचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा, वाचता यायचं पण डेटा भसाभसा जायचा. पण ते फक्त ब्राउझरपुरतं. एसेमेसात चौकोन ते चौकोनच.

फॉन्ट फोनमध्ये टाकायचा म्हटलं तर तो सिस्टीमच्या फोल्डरात जायला पाहिजे आणि तिथं आपल्याला लिहायची परवानगी नाही. पैसे आपले, फोन आपला आणि एक फाइल ठेवता येत नाही, हे पुणेरी माणसाला पचणं शक्यच नव्हतं. तिथं पहिल्यांदा रिकव्हरी हा शब्द कानावर आला. कोणीतरी एक झिप फाइल दिली, म्हणाला मेमरी कार्डात टाक, फोन बंद कर, व्हॉल्यूम आणि होमचं बटण दाबून ठेवून पॉवर दाब.

चौकोन गेले. पण वेलांटी चुकली! फॉन्ट असून भागत नाही, अक्षरं जोडायचं काम वेगळ्या प्रोग्रामचं असतं आणि ते त्या अँड्रॉइडला येत नव्हतं, त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी सुटी उभी राहायची. आजोबा तसंही वाचायचे, "कळतंय रे" म्हणायचे. पुढे ४.० आणि ४.१ पासून हळूहळू सुधारलं आणि २०१४ च्या लॉलीपॉपमध्ये तर मराठी ही फोनची भाषा म्हणूनच आली. पण मधली दोन-तीन वर्षं होती ना, तेवढ्यात आमच्यासारख्या बऱ्याच पोरांना हे वेड लागलं ते लागलंच.

आता ही रिकव्हरी म्हणजे काय ते एकदा सांगतो. फोनच्या मेमरीत वेगवेगळे कप्पे असतात, एकात नेहमीचं अँड्रॉइड, एकात तुमचा डेटा, आणि एका छोट्याशा कप्प्यात एक वेगळीच बारकी सिस्टीम, तिचा कर्नल म्हणजे गाभ्याचा प्रोग्राम पण स्वतःचा. मोठी सिस्टीम बंद असताना तिच्यावर काम करायला कोणीतरी जागं पाहिजे म्हणून ती ठेवलेली. कंपनीचा अपडेट यायचा तो हीच बसवायची, फॅक्टरी रिसेट पण हीच करायची. वाड्याच्या मोठ्या दरवाजाला माणूस वाकून जाईल एवढा दिंडी दरवाजा असतो तसलं हे प्रकरण, ठेवलेला घरच्यांच्या सोयीसाठी. फक्त आत येणाऱ्या झिपवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते ती बघायची. गंमत म्हणजे अँड्रॉइडच्या सोर्स कोडबरोबर सरावासाठी म्हणून टेस्ट-की नावाच्या चाव्या सगळ्या जगाला फुकट मिळायच्या, आणि सुरुवातीच्या काही फोनची कंपनीची रिकव्हरी त्या चावीची सहीसुद्धा खुशाल मान्य करायची. म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या खिळ्याला. जिथं हे चालायचं नाही तिथं रिकव्हरीच बदलायची, सही न बघणारी दुसरी बसवायची, की मग कुठलंही रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम, टाका.

रॉम टाकणे हा प्रकार अँड्रॉइडच्या आधीचा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. विंडोज मोबाइलच्या जमान्यात एचटीसीने बनवलेल्या फोनवर लोक घरी केलेली रॉमं टाकायचे, त्याला कुक्ड रॉम म्हणायचे, करणारा शेफ आणि त्याच्या टूलला किचन. २००९ साली आलेला एचटीसी एचडी२ हा त्यातला महापुरुष, आला विंडोज मोबाइल ६.५ घेऊन आणि पोरांनी त्याच्यावर अँड्रॉइड काय, विंडोज फोन ७ काय, सगळं चालवून दाखवलं. आपल्याकडे तेव्हा नोकियाचं राज्य होतं, फोनमध्ये सॉफ्टवेअर भरायच्या जॅफ आणि फिनिक्स ह्या टूलांची नावं पुण्याच्या तापकीर गल्लीत काउंटरमागे बसणाऱ्यांना तोंडपाठ असायची. तिथली भाषाच वेगळी, "सॉफ्टवेअर मारावं लागेल, संध्याकाळी या." फर्मवेअर वगैरे शब्द मी तिथे कधी ऐकला नाही. ते केबलने मारायचे, बॉक्स लावून. रिकव्हरीचा रस्ता त्यांचा नव्हे, तो ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही किंवा हॉस्टेलवर एकात चार जण आहेत अशांचा, मेमरी कार्ड आणि तीन बटणं एवढ्यावर भागायचं.

अँड्रॉइडचा पहिला फोन म्हणजे टी-मोबाइल जी१, एचटीसीनेच केलेला, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत आला. आणि महिन्याभरात उघडा पडला तो असल्या चुकीमुळे की ऐकून हसायला येतं. कीबोर्डवर तुम्ही कुठंही काही टाइप केलं तरी ते मागे एका रूट शेलकडे, म्हणजे फोनवर सगळे हक्क असलेल्या कमांडच्या प्रोग्रामकडे पण जात होतं आणि कमांड म्हणून चालत होतं. गप्पा मारताना एकाने रीबूट शब्द टाइप केला आणि फोन खरंच रीबूट झाला. गूगलने लगेच अपडेट काढून भोक बुजवलं पण तोवर लोकांनी आत शिरून रिकव्हरी बदलून टाकली होती. मग जीझसफ्रीक नावाने वावरणाऱ्या एकाची रॉमं चालली आणि २००९ मध्ये स्टीव्ह कॉन्डिकचं सायनोजेनमॉड आलं, सायनोजेन हे त्याचं टोपणनाव.

त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलने कॉन्डिकला नोटीस पाठवली. अँड्रॉइड ओपन सोर्स आहे ते ठीक, पण जीमेल, मॅप्स, यूट्यूब, मार्केट (म्हणजे आताचं प्ले स्टोअर) ही ॲप्स आमची आहेत, ती रॉमात घालून वाटायची नाहीत. मोठी बोंबाबोंब झाली आणि शेवटी तोडगा असा निघाला की रॉम गूगल ॲप्सशिवाय द्यायचं. म्हणून आजही रॉमची झिप वेगळी आणि गॅप्सची म्हणजे गूगल ॲप्सची झिप वेगळी, आणि दुसरी टाकायची विसरलात की फोन चकाचक चालू होतो पण प्ले स्टोअरच नाही. मी हे तीनदा केलंय. नवीन पोरांना वाटतं काहीतरी टेक्निकल कारण असेल, कारण आहे वकिलाचं पत्र.

रिकव्हऱ्यांमध्ये पहिली गाजली ती कौशिक दत्ता यांची क्लॉकवर्कमॉड. स्पर्श नाही, व्हॉल्यूमच्या बटणाने वर-खाली करायचं, आणि डेटा उडवायचा म्हटलं की समोर नो, नो, नो, नो अशी रांग आणि त्यातच कुठेतरी एक येस, म्हणजे घाईत चुकून दाबलं जाऊ नये. ही मला आजपर्यंत बघितलेली सगळ्यात शहाणी स्क्रीन वाटते. हिच्यातून नँड्रॉइड बॅकअप काढायची सवय लागली, म्हणजे अख्ख्या फोनची जशीच्या तशी प्रत, रॉम नाही आवडलं तर परत मागे. नंतर टीडब्ल्यूआरपी आली, बोटाने सरकवायची, २०१२-१३ नंतर सगळे हळूहळू तिकडे गेले.

सगळे फोन मात्र एकसारखे नशीबवान नव्हते. रॉम बनवायला कर्नलचा सोर्स लागतो आणि जीपीएल लायसन्सप्रमाणे तो द्यायला पाहिजे, पण मीडियाटेकची चिप असलेल्या देशी ब्रँडांच्या स्वस्त फोनांचा तो बहुतेक वेळा मिळायचाच नाही. त्यामुळे त्यांच्यावर दुसऱ्या फोनचं रॉम ओढूनताणून बसवलेलं, कॅमेरा उलटा, ब्लूटूथ बंद. वर आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर उडायचा तो वेगळाच, आणि वायफायच्या यादीत एनव्हीरॅम वॉर्निंग नावाचं नेटवर्क दिसायला लागलं की समजायचं बोंबललं. माझा एक असाच फोन गेला. आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते हे मला काय माहीत नव्हतं असं नाही, तरी गुरुवारीच डेस्कटॉपवरून केबलने रिकव्हरी बसवायला घेतली, निम्म्यात लाइट गेली, यूपीएस नव्हता, फोन दगड. तापकीर गल्लीतल्या माणसाने दीडशे रुपये घेतले आणि विचारलं, "लाइटीचा भरवसा नसताना कशाला करता हो?" एकदा रिकव्हरी बसली की मग लाइटीचा प्रश्न नसायचा, बॅटरी भरलेली पाहिजे एवढंच.

२०१४ साली फेब्रुवारीत मोटो जी भारतात आला, त्याचं बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना सिस्टीम उठवणारा कुलूपबंद प्रोग्राम, कंपनीच्याच साइटवरून कोड घेऊन उघडता यायचं, हॉस्टेलवर तेव्हा फोनला त्याच्या कोडनेमानेच हाक मारायचे, मोटो जी म्हणजे फाल्कन, वनप्लस वन म्हणजे बेकन, इंग्रजीत डुकराचं मांस. सदाशिव पेठेत घरात कांदा-लसूण बंद आणि खिशात बेकन असे दोन-तीन जण माझ्या ओळखीचे होते. हा बेकन सायनोजेनची सिस्टीम घेऊनच यायचा, कारण २०१३ मध्ये कॉन्डिक आणि मंडळींनी कंपनी काढली होती. भारतात तो डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि लगेच कोर्टात गेला, कारण सायनोजेनने भारतापुरते हक्क मायक्रोमॅक्सला दिले होते, त्यांच्या यू यूरेका फोनसाठी, आणि दिल्ली उच्च न्यायालयात भांडण. छंद म्हणून सुरू झालेल्या रॉमवरून दोन कंपन्या कोर्टात भांडतायत हे बघून आम्हाला उगाच अभिमान वाटला होता. वनप्लसने मग स्वतःची ऑक्सिजन ओएस काढली आणि सायनोजेन कंपनी दोन वर्षांत गाळात गेली.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे ह्या वेडाला उतरती कळा लागली ती २०१६ च्या शेवटच्या चार महिन्यांत, आणि त्याला कारण कुठलं कुलूप नव्हतं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल जाणार तो व्होल्टेवरूनच, म्हणजे फोरजीच्या नेटवरून, आणि व्होल्टेचा भाग कंपन्यांचा बंद कोड, बऱ्याच रॉमांमध्ये तो चालायचाच नाही. म्हणजे रॉम टाकलं की नेट झकास आणि फोन लागत नाही, आई चिडली. मग ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आणि बघता बघता सगळं यूपीआयवर. बँकेची ॲप्स रूट दिसला की उघडायलाच नकार द्यायची. ३१ डिसेंबरला सायनोजेनने सेवा बंद केल्या, त्याच सुमारास त्याच कोडवरून लिनिएज ओएस उभं राहिलं ते अजून चालू आहे. पण फोन तोवर पाकीट झाला होता, आणि पाकिटावर प्रयोग कोण करणार? पूर्वी सोसायटीतले काका फोन हातात देऊन "बघ रे जरा फास्ट होतोय का" म्हणायचे, त्यांनी देणं बंद केलं.

त्यानंतरचं सगळं म्हणजे लपाछपी. जॉन वूचं मॅजिस्क २०१६ मध्येच आलं, सिस्टीमला हात न लावता रूट करायचं आणि बँकेच्या ॲपपासून लपवायचं. फोनशी छेडछाड झाली का ते तपासणारं गूगलचं सेफ्टीनेट, मग प्ले इंटिग्रिटी, ते आता फोनच्या चिपमधल्या चावीलाच विचारतात की बाबा बूटलोडर बंद आहे ना. शाओमीचं बूटलोडर उघडायला अर्ज करून तास मोजत बसायचं, कधी ७२, कधी ३६०, पुढे त्यांच्या नव्या हायपर ओएसमध्ये अजून कडक. हुआवेने २०१८ मध्ये कोड द्यायचे बंदच केले.

आणि खुद्द रिकव्हरीचं काय झालं, तर अपडेट बसवायला कंपन्यांनाच तिची गरज उरली नाही. नूगट म्हणजे अँड्रॉइड ७ पासून ए-बी पद्धत आली, सिस्टीमच्या दोन प्रती, एक चालू असताना दुसरीवर गुपचूप अपडेट बसतो आणि पुढच्या रीबूटला अदलाबदल. मग वेगळा कप्पा कशाला, रिकव्हरी बूटच्याच कप्प्यात कोंबली. डेटा एन्क्रिप्ट असतो त्यामुळे बाहेरच्या रिकव्हरीला बऱ्याचदा काही वाचताच येत नाही. उलट २०१७ च्या ट्रेबल नावाच्या अँड्रॉइडमधल्या बदलामुळे एकच रॉम अनेक फोनांवर चालायची सोय झाली, म्हणजे रॉम बनवणं सोपं झालं तेव्हाच ते टाकायची लोकांना भीती वाटायला लागली, हा योगायोग मला जरा खुपतोच.

माझ्याकडे रेडमी नोट ४ आहे अजून, कोडनेम मिडो, २०१७ चा. कंपनीने त्याला नूगटवर सोडला, माझ्या मिडोवर अँड्रॉइड ११ आहे, लिनिएजचं. बॅटरी दोनदा बदलली, वेलांटी बरोबर जागेवर पडते, दिवसभर किचनमध्ये आकाशवाणी लावलेली असते. यूपीआय त्याच्यावर टाकलेलं नाही, त्यामुळे मंडईत भाजी आणायला दुसरा नेतो.