ऊन, वय आणि आपली कातडी: क्रीम घेण्याआधी एवढं वाचा

"वय कमी दिसेल अशी क्रीम द्या" म्हणत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया वावरात राबणाऱ्या असतात. निंदण झालं की कापसाची वेचणी, ती आटोपत नाही तोच हरभऱ्याची सोंगणी. वरूड-मोर्शीकडच्या असल्या तर संत्र्याच्या तोडणीची मजुरीही. चाळिशीच्या आतच गालांवर वांग उमटतो, डोळ्यांच्या कडेला रेषा पडतात, गळ्याखालचा उघडा भाग जाड आणि खरखरीत होतो. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून दिवसभर उन्हात फिरणाऱ्या त्यांच्या घरच्या माणसांसाठीही. आम्ही क्रीम बनवतो आणि विकतो. तरी कष्टाचा पैसा आधी कशावर घालावा, हे गिऱ्हाइकाला सांगणं आम्हाला विक्रीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आधी एक गोष्ट करून पाहा. उजेडात बसा, पोलक्याची बाही वर सरकवा आणि दंडाची काखेकडची आतली कातडी नीट बघा. मग तिच्याशेजारी आपल्याच दुसऱ्या हाताचा पंजा उलटा धरा. दंडाकडची कातडी मऊ, एका रंगाची, चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसणारी. पंजाची मात्र काळवंडलेली, ठिपक्यांची, बारीक जाळी पडलेली. दोन्हीचं वय सारखंच आहे. फरक पडला तो बहुतेक उन्हाने. चेहऱ्यावर जे "वय" दिसतं, त्यातला मोठा वाटा असा बाहेरून आलेला असतो, म्हणून तो थोपवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

आत काय होतं

कातडीचा वरचा थर पातळ असतो. त्याच्या खाली जाड थर असतो आणि त्यात कोलॅजन व इलॅस्टिन नावाच्या प्रथिनांचे धागे विणलेले असतात. बाजेची वीण ताठ असेतोवर बाज सपाट राहते, सुंभ सैल झालं की मधे झोळ पडतो; कोलॅजनचंही तसंच आहे. तरुणपण सरायला लागलं की ते दरवर्षी साधारण १ टक्का कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घट एकदम वाढते आणि त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं. त्या वयात "एकदम उतरल्यासारखं दिसतं" असं बाया म्हणतात, त्यामागे हे खरं कारण आहे.

उन्हाचं काम निराळं. सूर्याच्या अतिनील किरणांत दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी कातडी भाजतात, लाल करतात. यूव्हीए भाजत नाहीत म्हणून कळत नाहीत, पण खालच्या थरापर्यंत जातात, ढगाळ दिवशीही असतात आणि काचेतूनही येतात. हे किरण पडले की कातडीतच कोलॅजन तोडणारी विकरं तयार होतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं की कातडी लाल व्हायच्याही आधी, थोड्याशा किरणांनीच ही तोडफोड सुरू होते. म्हणजे "मला ऊन लागत नाही, सवय आहे" हे अंगाला जाणवण्यापुरतं खरं. कोलॅजनला ऊन लागतच असतं.

काचेचं म्हणाल तर २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवलेल्या त्या ६९ वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड आणि खोल सुरकुत्यांची झाली होती, उजवी बाजू मात्र कितीतरी तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. ट्रॅक्टर, काळीपिवळी किंवा एसटी चालवणाऱ्यांनी आपला उजवा गाल आणि उजवा हात आरशात बघावा.

आपल्या सावळ्या रंगाचं मोल मोठं आहे. रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, बरेच किरण अडवतं, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात. पण तेच मेलॅनिन चिडलं की डाग देतं. त्यामुळे आपल्या कातडीवर वय आधी दिसतं ते वांग, काळे ठिपके आणि असमान रंगात. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही वांगाची ठळक कारणं. बिडी-सिगारेटचा धूरही कोलॅजन तोडतो. खर्ऱ्याने तोंड उघडेनासं होतं, ते दुखणं याहून कितीतरी मोठं आणि त्यावर आमच्याकडे कोणतीच डबी नाही.

आधी कापड, मग सनस्क्रीन

ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात सुमारे ९०० जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी वाढल्या. इतका भक्कम पुरावा बाजारातल्या कोणत्याही महागड्या "अँटी-एजिंग" क्रीमकडे क्वचितच असतो.

पण सनस्क्रीन आपल्या कामाच्या पद्धतीला पुरत नाही, हेही सांगायला हवं. चेहरा आणि मानेला तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात, आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागते. सकाळपासून सांजेपर्यंत वावरात असणाऱ्या बाईची ५० ग्रॅमची ट्यूब अशाने दोन आठवडेही टिकायची नाही. मजुरीच्या पैशात हे बसत नाही. म्हणून पहिला भर कापडावर द्या. दुपट्टा सूर्याकडे धरून बघा: आरपार उजेड दिसत असेल तर ऊनही तसंच शिरतं. पातळ पांढरं सुती कापड घामाने ओलं झालं की आणखीच कमी अडवतं. तो दुहेरी करून बांधा, किंवा दाट विणीचा गडद रंगाचा घ्या. कपाळ, गाल आणि मान झाकली जाईल अशी बांधणी करा. वेचणीला घरधन्याचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट घालून जाण्याची जी रीत आहे, ती कातडीसाठी फार चांगली आहे, ती सोडू नका.

सनस्क्रीन मग कापडाबाहेर राहणाऱ्या भागाला: नाक, गालाचा वरचा भाग, हाताचे पंजे. एसपीएफ, म्हणजे यूव्हीबी अडवण्याचं माप, ३० पुरतं. ते यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० चं ९८ टक्के, म्हणजे जास्तीच्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. डबीवर पीए आणि त्यापुढे अधिकच्या खुणा आहेत का ते बघा, ते यूव्हीएचं माप आहे. वांग असेल तर कातडीच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या, कारण साध्या उजेडानेही वांग गडद होतो. नवतपा चालू असताना सकाळी १० ते ४ मधलं काम टाळता आलं तर उत्तम. टाळता येत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच कापडाचं एवढं सांगतो.

डबीत काय असतं आणि त्याने काय होतं

ओलावा टिकवणारी क्रीम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांना लागणारी. कोरड्या कातडीवर बारीक रेषा ठळक दिसतात, ओलावा मिळाला की त्या भरून येतात. ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतात. ग्लिसरीनचं काम हायल्युरॉनिकच्या जवळपास तेवढंच चांगलं आणि किंमत कितीतरी कमी, म्हणून आम्ही ग्लिसरीन घालतो. आपल्याकडची हिवाळ्याची हवा आणि मे महिन्यातली झळ दोन्ही कोरड्या, त्यामुळे चेहरा धुऊन ओलसर असतानाच क्रीम लावावी. पायाच्या भेगांना तर साधं पेट्रोलियम जेली पुरे. कातडीतून उडून जाणारं पाणी ते ९८ टक्क्यांपर्यंत अडवतं. त्यासाठी आमची क्रीम घेऊ नका.

नायसिनामाइड म्हणजे बी३ जीवनसत्त्वाचा प्रकार. आमच्या लोशनमध्ये ते ५ टक्के आहे. ते मेलॅनिनला वरच्या पेशींत जाण्यापासून रोखतं. बारा आठवडे लावल्यावर डाग आणि बारीक रेषा कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. फरक हळू पडतो आणि मध्यमच पडतो. सावळ्या, चटकन चिडणाऱ्या कातडीला ते सहसा सोसतं, म्हणून सुरुवात करायची असेल तर आम्ही हेच सुचवतो.

रेटिनॉल आणि त्याचा जोरकस भाऊ ट्रेटिनॉइन हे ए जीवनसत्त्वापासून येतात. नवं कोलॅजन तयार व्हायला लावतात असा सर्वांत जास्त पुरावा यांच्याच बाजूने आहे. अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्येच उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनचा परिणाम छापला. पण हे औषध रात्रीच लावायचं, पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. घाई केली तर कातडी सोलवटते आणि आपल्या रंगावर त्याचे काळे डाग राहतात. गरोदर असाल, दिवस राहण्याची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर हात लावू नका. ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावं. आमच्याकडे ते मिळत नाही.

सी जीवनसत्त्वाचं सीरम चांगलं काम करतं, मात्र उष्णता, उजेड आणि हवेने ते लवकर बिघडतं. पिवळट-तपकिरी झालं की संपलं. टिनाच्या छताखाली ४५ अंशांत ते किती टिकेल याची आम्हाला खात्री देता येत नाही, म्हणून आम्ही ते ठेवत नाही. फ्रिज असेल तर छोटी, गडद रंगाची बाटली घ्यायला हरकत नाही.

कोलॅजनची क्रीम मात्र नावापुरती. कोलॅजनचा रेणू एवढा मोठा असतो की तो कातडीत शिरत नाही, वरच राहतो आणि साध्या मॉइश्चरायझरचं काम करतो. त्यासाठी वेगळे पैसे कशाला द्यायचे?

घरगुती उपायांत तेल आणि दुधाची साय कोरड्या कातडीला सहसा चालते. लिंबाचा रस मात्र चेहऱ्याला लावू नका. तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. संत्र्याच्या सालीची जाडसर पूड घासल्याने वरचा थर खरवडतो. वांगावर तर अजिबात नको.

हे कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका

२०२३ मध्ये आपल्या अकोल्याची बातमी राज्यभर गेली. गोरं करणारी क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना इजा झाली होती, आणि क्रीम तपासली तेव्हा तिच्यात भरमसाट पारा निघाला. केरळातल्या मलप्पुरमकडेही त्याच सुमारास असे रुग्ण आढळले. पारा मेलॅनिन बनणं थांबवतो म्हणून चेहरा लवकर उजळतो, आणि कातडीतून रक्तात शिरून तो किडनीपर्यंत जातो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला कायद्याने बंदी आहे, तरी बाजारात, जत्रेत, पार्लरमध्ये बिनलेबलाच्या डब्या मिळतातच.

दुसरा धोका स्टिरॉइडच्या मलमांचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर शोधा. आठवडाभरात चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, पुरळ आणि लव येते, उन्हात आग होते आणि मलम सोडलं की चेहरा लाल होतो. बहिणीच्या लग्नाआधी मैत्रिणीने दिलेली ट्यूब लावून चेहरा बिघडलेल्या पोरी आमच्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो. अशी अनेक मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. कोणी लावत असेल तर एकदम बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत तपासणी होते.

डबी हातात घेतली की मागची बाजू वाचा. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, घटकांची यादी. ठळक घटक यादीत आधी, थोडे असलेले शेवटी. यातलं काही नसेल, किंवा "सात दिवसांत गोरेपणा" लिहिलं असेल, तर ती जागेवर ठेवून या.

आमची डबी वापरताना

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा आणि दोन दिवस थांबा. खाज, लाली आली तर चेहऱ्याला लावू नका; डबी परत आणा, पैसे परत मिळतील. दिवसा: चेहरा धुवा, लोशन, मग सनस्क्रीन, मग दुपट्टा. रात्री: धूळ-घाम साध्या पाण्याने धुऊन क्रीम. आरशात रोज फरक शोधू नका, तीन महिन्यांनी बघा. कातडीवरच्या एखाद्या डागाच्या कडा वाकड्यातिकड्या होत असतील, रंग बदलत असेल, रक्त येत असेल किंवा जखम भरतच नसेल, तर क्रीम लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा. डबी उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. रंग किंवा वास बदलला की ती टाकून द्या आणि रिकामी डबी आमच्याकडे जमा करा.