हिवाळ्यात स्पितीला निघताय? आधी क्लच वायर आणि रेस वायर बघून घ्या

डिसेंबर-जानेवारीत स्पितीला गाडी घेऊन जाणारे आमचे कस्टमर वाढलेत, फोनवर प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो म्हणून हे एकदाच छापतोय. हिवाळ्यात कुंझुम पास बंद असतो, मनालीकडून काझा (स्पितीचं मुख्य गाव) होत नाही, सगळे शिमला-किन्नौरवरून नाको, ताबो करत जातात. तिथे रात्री पारा उणे २० पर्यंत उतरतो. टायर, जॅकेट, ग्लोव्ह्ज सगळे विचारतात, केबलचं, म्हणजे क्लच आणि रेसच्या (ॲक्सिलरेटरच्या) वायरचं, कोणी विचारत नाही आणि मग सकाळी क्लच दाबायला गेलं की लिव्हर जागचा हलत नाही.

केबलमध्ये आत तारेची दोरी, बाहेर स्टीलचा आउटर, मध्ये प्लास्टिकचं अस्तर, आणि रिकामी जागा म्हणाल तर अगदी केसाएवढी. पाणी लिव्हरच्या बाजूने शिरतं, खाली उतरतं आणि सगळ्यात खालच्या वळणात जाऊन बसतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, तार जाम. दोन-चार थेंब पुरतात.

आणि हे पाणी बऱ्याचदा स्पितीचं नसतंच, पुण्याचं असतं! पावसाळाभर ताम्हिणी-वरंधा केलेलं असतं, वर निघायच्या आदल्या दिवशी वॉशिंगवाल्याकडे प्रेशरने हॅंडल धुऊन घेतलेलं असतं. इथे काही जाणवत नाही कारण इथे गोठतच नाही. म्हणून इलाज घरूनच करून निघायचा, तिथे जाऊन नाही.

आम्ही काय करतो, तर केबल लिव्हरकडून सोडवून उभी टांगतो, हवा मारतो, मग पाणी बाहेर काढणारा स्प्रे वरून सोडतो, खालून स्वच्छ थेंब येईपर्यंत. रात्रभर निथळू देतो आणि नंतर पातळ केबल ल्यूब, म्हणजे केबलचं वंगण. डब्ल्यूडी-४० चालतं का हा रोजचा प्रश्न, तर पाणी काढायला चालतं पण त्याचा थर टिकत नाही, नंतर ल्यूब लागतंच. ग्रीस भरू नका, थंडीत तेच घट्ट होऊन बसतं. तारेचा एक जरी धागा तुटलेला किंवा आत गंज दिसला तर केबल बदलायची, जुनी वाचवायच्या भानगडीत पडू नका. लिव्हरजवळचं फाटलं रबरही बदला, पाणी तिथूनच जातं.

बाईकमध्ये एक्सपल्स २०० आणि जुनी हिमालयन ४११ यांना क्लच आणि रेस दोन्ही वायर आहेत. हिमालयन ४५० आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचरला रेस इलेक्ट्रॉनिक, पण क्लच वायर आहेच, तेव्हा निर्धास्त होऊ नका. जिप्सीवाल्यांनो, तुमच्याही दोन्ही वायर आहेत.

क्लच गोठला तर सकाळ वाया जाते इतकंच, रेस गोठली तर प्रकरण गंभीर. दुपारी नाला ओलांडताना पाणी उडतं, संध्याकाळी सावलीत शिरलात की गोठतं आणि रेस उघडी राहू शकते. रोज सकाळी इंजिन बंद असताना रेस पूर्ण पिळून सोडून द्या, टक्कन आपोआप परत आली पाहिजे, आळसावून आली तर गाडी सुरूच करायची नाही. मग गाडी चालू करून न्यूट्रलला हॅंडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आरपीएम (इंजिनचा वेग) वाढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय. चालवताना अडकलीच तर क्लच दाबा आणि किल स्विच, म्हणजे हॅंडलवरचं इंजिन बंद करायचं बटण.

तिथे गोठलीच तर गरम पाणी ओतू नका, तेच पाणी आत जाऊन परत गोठतं. लायटर, स्टोव्ह तर अजिबात नाही, शेजारी पेट्रोल आहे. गाडी उन्हात लावा, गरम पाण्याची रबरी पिशवी बाहेरून केबलला धरा, होमस्टेत हेअर ड्रायर मिळाला तर उत्तमच. जोर लावून लिव्हर ओढू नका, टोकाचा निप्पल (तारेच्या टोकाची धातूची गुंडी) तुटतो.

चारचाकीवाल्यांनी रात्री हॅंडब्रेक ओढून ठेवू नये, त्याचीही केबल गोठते आणि मागचे ब्रेक धरून बसतात. गिअरमध्ये लावा, चाकाखाली दगड.

स्पेअर क्लच वायर जुन्या वायरच्या बाजूनेच घालून टायने बांधून देतो, दोन्ही टोकं सील करून, म्हणजे थंडीत टाकी काढत बसावं लागत नाही. निघायच्या किमान आठवडाभर आधी गाडी आणा, आणि येताना कृपया धुऊन आणू नका.