खुब्याच्या बारीक नसा

आत्याचा खुबा झिजलाय हे आम्हाला कळलं ते तिच्या पायाच्या नखांवरून. डाव्या पायाची नखं नीट कापलेली, उजव्या पायाची वाढलेली. विचारलं तर म्हणाली, "अगं, कात्री पोचतच नाही. पाय वरच येत नाही." त्याआधी वर्षभर ती उजवा गुडघा दुखतो म्हणून तेल चोळत होती. गुडघ्याचे दोन एक्स-रे झाले होते आणि दोन्ही वेळा "वयाच्या मानाने ठीक" असं सांगून परत पाठवलं होतं. खुब्याचा फोटो काढावा हे कुणाला सुचलं नाही. आम्हालाही नाही.

यात एक घोळ आपल्या भाषेचाही आहे. खुबा दुखतो म्हणताना आपण बहुतेक वेळा कुल्ल्यावर हात ठेवतो. तिथलं दुखणं पुष्कळदा कमरेच्या मणक्यातून आलेलं असतं. खुब्याचा खरा सांधा खोल आहे, पुढच्या बाजूला, जांघेच्या आत. तो झिजला की कळ जांघेत येते आणि मांडीच्या पुढून, आतून खाली उतरते. कुठे दुखतं असं विचारल्यावर असा रुग्ण अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून खुब्याला कवेत घेतो. हाताचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा होतो, म्हणून डॉक्टर त्याला सी-साइन म्हणतात. बूट-मोजे घालताना, रिक्षात चढताना, मांडी घालून बसताना चमक निघते. आणि काहींना ती जाणवते थेट गुडघ्यात.

खुब्याची कळ गुडघ्यात का, याचं उत्तर लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी 1860 च्या सुमारास व्याख्यानांतून दिलं होतं. त्यांचा नियम असा: जी नस सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जाते, तिचीच फांदी त्या सांध्यात जाते, आणि तिचीच फांदी वरच्या कातडीलाही मिळते. (मराठीत नस म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. इथे सगळीकडे मज्जातंतूच समजावा.) ऑब्ट्युरेटर नावाची नस कंबरेच्या हाडातल्या भोकातून मांडीत उतरते. वाटेत ती खुब्याला फांदी देते, पुढे गुडघ्यालाही देते. एकाच तारेवर दोन घरं असली की हाक नेमकी कोणत्या घरातून आली, हे मेंदूला सांगता येत नाही.

आता झिजेकडे येऊ. हाडाच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की कूर्चेत एकही नस नाही. रक्तवाहिनी नाही, म्हणून ती भरून येत नाही. नस नाही, म्हणून ती स्वतः दुखतही नाही. दुखतं ते तिच्या आजूबाजूला: सांध्याला गुंडाळलेली पिशवी, तिच्या आतलं सुजलेलं अस्तर, कूर्चेखालचं ताण पडलेलं हाड. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. फोटोत खुबा पार उखडलेला असलेला माणूस बाजारहाट करून येतो, आणि जेमतेम झीज असलेल्या बाईला रात्रभर झोप नसते.

मग विचार असा पुढे जातो: कळ सांध्याच्या पिशवीतून निघते आणि ठरावीक तारांवरून मेंदूकडे जाते. झीज भरून काढता येत नाही. पण त्या तारा?

खुब्याच्या पिशवीला पुढून आणि मागून, दोन्हीकडून नसा येतात. कळ ओळखणारी टोकं मात्र पुढच्या भागात दाट आहेत. तिथे फेमोरल आणि ऑब्ट्युरेटर या दोन मोठ्या नसांच्या बारीक फांद्या येतात, आणि काही माणसांत तिसरीही असते, ॲक्सेसरी ऑब्ट्युरेटर. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांमधले 13 खुबे काळजीपूर्वक उलगडून पाहिले गेले. पहिल्या दोन नसांच्या फांद्या तेराही खुब्यांत सापडल्या, तिसरी सात खुब्यांत. त्याच वर्षी टोरांटोच्या डॉक्टरांनी त्या माहितीवरून एक नवं इंजेक्शन मांडलं. जांघेच्या वरच्या बाजूला, स्नायूच्या जाड दोरीसारख्या कंडरेखाली आणि कंबरेच्या हाडाच्या उंचवट्यावर औषध सोडलं की या फांद्या बधिर होतात, आणि पायाची ताकद बहुतांशी शाबूत राहते. या इंजेक्शनचं नाव पेंग ब्लॉक. ते सुरुवातीला खुबा मोडलेल्या रुग्णांसाठी होतं. हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं कुशीवर वळवतानासुद्धा जो जीव जातो, तो वाचावा म्हणून. पण त्यातून एक पत्ता पक्का मिळाला: या नसा नेमक्या कुठे पकडायच्या.

बधिर करण्याचं औषध काही तासांत उतरतं. वर्षानुवर्षांच्या दुखण्याला ते पुरत नाही. म्हणून पुढची पायरी, रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन. आपल्याकडे दवाखान्यात "नस जाळणे" म्हणतात. शब्द ऐकून पोटात गोळा येतो, आत्याला आलाच. प्रत्यक्षात जाळ कुठे नसतो.

एक लांब सुई, अगदी टोकाचा साधारण सेंटिमीटरभर भाग सोडून बाकी सगळीकडे विजेला अडवणारं वेष्टण. मांडीवर एक चिकट पॅड, वीज परत जायला. मग सुईतून अतिशय वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात, सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर 558 किलोहर्ट्झला लागायची, ती याच पट्ट्यातली. नावातला रेडिओ तिथून आला. एवढ्या वेगाने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाने स्नायू आकसत नाहीत, शॉकही बसत नाही. टोकाभोवतीच्या पाण्यातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मात्र जागच्या जागी पुढेमागे ढकलले जातात, आणि त्या घर्षणाने ऊती आतून तापते. सुई ऊतीला भाजत नाही, ऊतीच्या उष्णतेने सुई तापते. टोकातला तापमापक तिचं तापमान 80 ते 90 अंशांच्या आसपास दीड-दोन मिनिटं धरून ठेवतो. अंड्याचा पांढरा बलक गरम पाण्यात जसा थिजतो, तशी तेवढ्या तुकड्यातली प्रथिनं थिजतात. नसेतून निरोप जाणं बंद होतं.

तापलेला भाग सुईच्या अंगाने लांबट होतो, काकडीच्या आकाराचा. टोकाच्या पुढे उष्णता फारशी जातच नाही. त्यामुळे सुई नसेवर टोचून भागत नाही, तिच्या शेजारी समांतर निजवावी लागते. खुब्यात हेच अवघड आहे, कारण जांघेतून मांडीची मुख्य धमनी आणि शीर जाते आणि ऑब्ट्युरेटरची फांदी त्यांच्या मागच्या अंगाला असते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती धमनी धडधडताना दिसते, आणि डॉक्टर बाहेरच्या बाजूने, तिला वळसा घालून, एक्स-रे यंत्राखाली सुई सरकवतात. एका सुधारित प्रकारात सुईच्या आतून पाणी फिरवून तिचं टोक थंड ठेवतात. मग तापलेला गोळा चेंडूसारखा गोल आणि मोठा होतो, आणि इकडेतिकडे विखुरलेल्या फांद्या सापडण्याची शक्यता वाढते.

उष्णता सोडण्याआधी एक तपासणी असते, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. त्याच सुईतून आधी सौम्य, संथ प्रवाह देतात. सेकंदाला 50 ठोके दिले आणि रुग्ण "हो, हीच ती जागा" म्हणाला, तर कळ नेणारी नस जवळ आहे. सेकंदाला दोन ठोके दिले आणि मांडीचा स्नायू फडफडला, तर सुई मुख्य नसेच्या जवळ आली आहे. लगेच मागे. कारण फेमोरलचं मूळ खोड भाजलं तर गुडघा सरळ करण्याची ताकद जाते आणि माणूस जिन्यात कोसळतो. यासाठीच रुग्णाला पूर्ण भूल देत नाहीत, जागा फक्त बधिर करतात. रुग्ण बोलता राहायला हवा.

याच्याही आधी, वेगळ्या दिवशी, चाचणीचं इंजेक्शन असतं: नुसतं बधिर करणारं औषध, त्याच जागी. काही तास दुखणं निम्म्याहून कमी झालं तरच पुढे जायचं. ही पायरी गाळून थेट "नस जाळून टाकू" असं कुणी म्हणालं तर मी त्या खुर्चीतून उठेन. चाचणीने फरक पडला नाही याचा अर्थ कळ दुसऱ्याच तारेवरून येते आहे, कदाचित पाठीतून. मग या नसांना हात लावून काय मिळणार?

नसा परत वाढतात. तुटलेल्या नसेचा पुढचा भाग कसा विरघळत जातो, हे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं होतं. पण नसेभोवतीचं नळीसारखं आवरण बऱ्याचदा टिकतं, आणि मागच्या बाजूने नवा धागा त्यातून वाट काढत पुढे सरकतो. त्यामुळे आराम साधारण सहा महिने ते वर्षभर असतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. नंतर पुन्हा करता येतं.

पुरावा किती, हेही सांगायला हवं. जपानमधल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये खुब्याच्या 14 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातल्या 12 जणांचं दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी झालं, एक ते अकरा महिने. आकडा छान दिसतो, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. गुडघ्याच्या बाबतीत 2011 मध्ये कोरियात 38 जणांवर प्रयोग झाला, त्यात निम्म्यांना खोटी प्रक्रिया केली होती आणि खऱ्याचा फायदा स्पष्ट दिसला. खुब्याला अशा मोठ्या, नीट आखलेल्या प्रयोगांची अजून गरज आहे. जांघेत रक्त साकळणं, मांडीचा तुकडा बधिर वाटणं, काही आठवडे जळजळ राहणं, हे होऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि पेसमेकर यांबद्दल आधीच बोलावं लागतं.

आणि हा सांधेबदलाला पर्याय नाही. जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये इंग्लंडमध्ये रूढ केलेली ती शस्त्रक्रिया इतकी पक्की आहे, की बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे 58 टक्के 25 वर्षं टिकतात. जो ती सोसू शकतो त्याने नस भाजत बसू नये. गडचिरोली, चंद्रपूरकडे सिकलसेलच्या तरुण रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खचतं. तिथे कळ बंद केली तरी खचणं थांबत नाही, आधी हाडाचं पाहायला हवं. नसेचा उपचार खरा कामाचा आहे तो ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस मोठी शस्त्रक्रिया पेलणार नाही त्यांना, आणि वेदनाशामक गोळ्यांनी ज्यांची मूत्रपिंडं कुरकुरू लागली आहेत त्यांना.

आत्या यातली. वय 79, हृदय अशक्त. शस्त्रक्रियेला भूलतज्ज्ञांनी नकारार्थी मान हलवली. चाचणीचं इंजेक्शन दुपारी तीनला झालं, आणि अर्ध्या तासात तिने उजवा पाय स्वतः उचलून खाटेवर ठेवला. रात्री कळ परत आली तेव्हा ती रडली. आम्हाला मात्र बरं वाटलं, कारण निशाण बरोबर लागलं होतं. महिन्याने खरा उपचार झाला. पहिले पंधरा दिवस फारसं काही जाणवलं नाही, मग हळूहळू झोप लागू लागली. फिजिओथेरपिस्टने त्या महिन्यांत तिच्याकडून कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू बळकट करून घेतले, जे दुखण्यामुळे वर्षभर वापरलेच गेले नव्हते. काठी उजव्या हातातून डाव्या हातात आली. एका पायावर तोल घेताना खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि उलट्या हातातली काठी तो बराच उतरवते. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

दहाव्या महिन्यात जांघेत पुन्हा चमक आली. तिने ती लगेच ओळखली आणि स्वतःच तारीख घ्यायला फोन केला.

आता ती कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाऊन येते. सांधा मात्र आखडलेलाच आहे. हाडाला फुटलेले काटे नसेच्या उपचाराने जात नाहीत, गुडघा छातीशी येत नाही, कात्री अजून पोचत नाही. उजव्या पायाची नखं दर दुसऱ्या रविवारी मीच कापते.