खोटे क्लेम शून्यावर का येत नाहीत?

तुमच्या गाडीला अपघात कधी होईल हे विमा कंपनीला सांगता येत नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडतही नाही. तिला हवी असते गर्दी. वर्षभरात अपघाताची शक्यता शंभरात एक धरू. शंभर विमाधारकांत कागदावर एक क्लेम दिसतो. प्रत्यक्षात एकही येणार नाही, नाहीतर तीन येतील. विमाधारक १०,००० असले की क्लेम बहुधा ८० ते १२० मध्ये राहतात. दहा लाख असले तर ९,८०० ते १०,२०० मध्ये. गर्दी वाढली की प्रमाण सरासरीच्या जवळ राहतं, हे सांगणारा स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांचा मोठ्या संख्यांचा नियम १७१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापला गेला. हप्त्याचं गणित आजही त्याच्याच भरवशावर चालतं.

या नियमात एक गोष्ट गृहीत असते: फासा कसाही पडला तरी फाशाला त्याचं देणंघेणं नाही. विमाधारकाला मात्र असतं.

खोटा क्लेम म्हटलं की मुद्दाम पेटवलेलं गोदाम आठवतं. मला मात्र किरकोळ लबाडी जास्त विचार करण्याजोगी वाटते. बंपर खरोखरच फुटलेला असतो, पण दुरुस्तीच्या बिलात दारावरचा जुना ओरखडाही घुसवलेला असतो. असं करणारा स्वतःला चोर समजत नाही. इतकी वर्षं हप्ते भरले, त्यातलं थोडं वसूल केलं, एवढंच! (त्या हप्त्यांतून दुसऱ्या कुणाचं नुकसान केव्हाच भरून दिलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.)

शंभर सारख्या क्लेमपैकी दहा दीडपट फुगवले, तर एकूण खर्च पाच टक्क्यांनी वाढतो. मग सगळेच तपासावेत की! पण सर्व्हेअर, कागदपत्रं, फोनाफोनी मिळून तपासणीचा खर्च क्लेमच्या दहा टक्के आला, तर पाच वाचवायला दहा गेले. म्हणून कंपनी निवडक क्लेमच तपासते. इथे पेच असा, की कुणीच फसवत नसेल तर तपासणीवरचा खर्च वाया जातो; आणि तपासणी थांबली की फसवणं फायद्याचं ठरतं. गेम थिअरीच्या (एकमेकांच्या चाली पाहून घेतल्या जाणाऱ्या निर्णयांच्या गणिताच्या) हिशेबात हे दोन्ही टोकांना स्थिरावत नाही. थोडी तपासणी, थोडी लबाडी, असंच चालू राहतं, आणि दोन्हींचा खर्च हप्त्यात जमा होतो.

वाढलेला हप्ता सगळ्यांना सारखा टोचत नाही. ज्यांच्यावर क्लेमची वेळ क्वचितच येते, ते आधी बाहेर पडतात. उरलेल्यांची सरासरी जोखीम चढते, म्हणजे हप्ता पुन्हा वाढतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिताना हाच तर्क विम्यालाही लावला होता.

यावरचा एक जुना उपाय म्हणजे डिडक्टिबल: नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा विमाधारकानेच सोसायचा. बारीकसारीक क्लेम त्यामुळे येतच नाहीत आणि माणूस गाडी जपून चालवतो. पण अर्थतज्ज्ञ जॉर्ज दिओन आणि रोबेर गान्ये यांनी कॅनडातल्या क्वेबेकमधले वाहन विम्याचे क्लेम तपासले, तेव्हा वेगळंच दिसलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, डिडक्टिबल मोठं तिथे सांगितलेलं नुकसानही मोठं होतं. खिशातून जाणारा हिस्सा बिल फुगवून परत मिळवला जात असावा. हा परिणाम दिसला तो अपघातात दुसरी गाडी नव्हती तिथे, म्हणजे साक्षीदार असण्याची शक्यता कमी होती तिथे.