चेंबरची लांबी आणि काडतुसाची लांबी

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतीरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या एकनळी बंदुका अजून कित्येक घरांत आहेत, आणि आजोबांच्या काळातली अशी बंदूक पुन्हा वापरात आणायची म्हटली की एकच वाक्य हमखास कानी पडते: काडतूस आत बसले, बंदूक नीट मिटली, म्हणजे काडतूस जुळले. हे साफ चुकीचे आहे आणि जिवावर बेतणारे आहे.

बारा बोरचा अर्थ परवानाधारकाला सांगायला नको. नळीच्या व्यासाएवढे शिशाचे 12 गोळे एका पौंडात बसतात, एवढेच त्यात आहे. घोडा, चाप, कुंदा, काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर यांतही गोंधळ होत नाही. घोटाळा होतो तो लांबीचा, कारण काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडाल्यानंतरची, म्हणजे तोंडाची घडी पूर्ण उलगडल्यावरची असते. 70 मिमीचे घडीचे काडतूस हातात घेऊन मोजले तर साधारण 60 मिमीच भरते. त्यामुळे ते 65 मिमीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसण्याच्या खोबणीत, सहज बसते आणि कुठेही अडत नाही. बार उडताच मात्र घडी उलगडते आणि शेवटचे 5 मिमी चेंबरच्या पुढच्या निमुळत्या गळ्यात शिरतात, जिथे व्यास सुमारे 20.3 मिमीवरून 18.5 मिमीपर्यंत उतरत जातो. छर्‍यांची वाट तिथेच आवळली जाते आणि दाब वाढतो. शिवाय अशा काडतुसात दारू आणि छर्रे बहुधा जास्त असतात, तो भार वेगळाच. उडालेल्या काडतुसाचे तोंड झिजून फाटल्यासारखे दिसले, तर आधी हीच शंका घ्यावी.

म्हणून चेंबरची लांबी चेंबरमध्येच मोजावी, तीही बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आणि चेंबर गेजनेच, म्हणजे त्यासाठीच्या खास मापानेच. पट्टी घालून अंदाज करणे मला मुळीच मान्य नाही. जुन्या इंग्रजी बंदुकीच्या नळीखाली हिऱ्याच्या चौकटीत 12 आणि सी असा शिक्का दिसतो, आणि पुष्कळजण त्यावरून लांबी कळली असे समजतात. त्यावरून चेंबर 3 इंचांपेक्षा कमी आहे, इतकेच कळते.

या शिक्क्यांमुळेच नळीला बफिंगचे चाक लावणाऱ्यांचा मला संताप येतो. चकाकीसाठी अक्षरे घासून टाकली की नळी दाब सोसते का याची कोणत्या नियमाने परीक्षा झाली होती, याचा पुरावाच जातो. आपल्या पावसाळी, खाऱ्या हवेत गंज येणारच. तो तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वुलने हलक्या हाताने काढावा आणि जुनी तपकिरी झाक राहू द्यावी. नळीत फडके कोंबून ठेवणे तर बंदच करावे, कारण ते ओल धरून ठेवते.

चेंबर कोरून 70 मिमीचे करून देतो, असे सांगणारा कारागीर भेटला तर नकार द्यावा. त्या कामात नळीची भिंत नेमकी सर्वाधिक दाबाच्या ठिकाणी पातळ होते आणि मूळ परीक्षेला अर्थ राहत नाही. दुरुस्तीचे कामही शस्त्र कायदा, 1959 खाली परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे लागते. कोणीतरी पूर्वीच कोरलेले चेंबर गेजवर 70 दाखवत असेल आणि शिक्का अडीच इंचांचा, म्हणजे 65 मिमीच्या काडतुसाचा असेल, तर भिंतीची जाडी तपासून होईपर्यंत त्या बंदुकीत कोणतेच काडतूस घालू नये, 65 मिमीचेसुद्धा.